स्वतःला बदलणारं विमान: १९६७ च्या एका अपघाताचं उत्तर सापडायला चाळीस वर्षं का लागली?

१५ नोव्हेंबर १९६७. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यावर सुमारे १३.७ किलोमीटर उंचीवरून एक बी-५२ बॉम्बर उडत होतं. त्याच्या पंखाखाली एक काळं, टोकदार विमान लटकवलेलं होतं. त्याचं नाव एक्स-१५. आत एकटेच बसले होते अमेरिकन हवाई दलाचे मेजर मायकल ॲडम्स, वय ३७. बी-५२ ने त्यांना सोडलं, एक्स-१५ चं रॉकेट इंजिन पेटलं आणि काही मिनिटांत ॲडम्स ८१ किलोमीटर उंचीवर पोहोचले. आपली प्रवासी विमानं उडतात १० ते १२ किलोमीटरवर. एवढ्या उंचीवर हवा जवळपास नसतेच.

वर जातानाच विमानातल्या एका प्रयोगाच्या उपकरणामुळे विजेच्या यंत्रणेत गडबड झाली होती. विमानाचं नाक हळूहळू एका बाजूला वळत होतं, पण ॲडम्स यांना ते कळलं नाही. सुमारे ७० किलोमीटर उंचीवर, आवाजाच्या पाचपट वेगात विमान गिरक्या खाऊ लागलं. आपण गिरकीत सापडलोय, असं त्यांनी रेडिओवर सांगितलं. इतक्या वेगात विमान गिरकी खाऊ लागलं तर काय करायचं, याचं उत्तर तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं.

तरीही विमान त्या गिरकीतून बाहेर आलं. ३६ किलोमीटर उंचीवर ते स्थिर होण्याच्या बेतात होतं. उलटं होतं, खाली झेपावत होतं, पण हाताशी उंची होती. सावरण्याची संधी होती.

नेमक्या त्याच क्षणी विमानाचं नाक वर-खाली, वर-खाली असं जोरात हलायला लागलं. हे हेलकावे देत होती विमानाला स्थिर ठेवण्यासाठी बसवलेली नियंत्रण यंत्रणाच. उलटसुलट १५ जीपर्यंतचे झटके बसले आणि सुमारे १९ किलोमीटर उंचीवर विमानाचे तुकडे झाले. ॲडम्स वाचले नाहीत.

त्या यंत्रणेचं नाव होतं एमएच-९६. हनिवेल कंपनीने बनवलेली, उडता उडता स्वतःला बदलणारी यंत्रणा. इंग्रजीत याला अडॅप्टिव्ह कंट्रोल म्हणतात. आपण मराठीत ‘जुळवून घेणारं नियंत्रण’ म्हणू. हल्ली ड्रोन, एआयने उडवलेलं लढाऊ विमान, तुटक्या पंखाने उतरलेलं विमान असे व्हिडिओ फोनवर येतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं या कल्पनेत आहेत. ही कल्पना भरवशाची व्हायला किती वर्षं लागली आणि एवढी वर्षं तिच्यावर पैसे कुणी आणि का खर्च केले, हे समजून घेऊया.

मुळात अडचण काय होती?

स्कूटर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. ट्रॅफिकमध्ये रांगताना हँडल भरपूर वळवावं लागतं. तेच हायवेवर ऐंशीच्या स्पीडला जरासं जास्त वळवलं तर माणूस थेट दुभाजकावर. हँडल तेच, हात तोच, पण किती वळवायचं हे वेगावर ठरतं. आपला मेंदू हे आपोआप करतो.

विमानाचंही तसंच आहे, फक्त फरक कितीतरी मोठा. जमिनीजवळच्या दाट हवेत शेपटीचा आडवा पंख जरासा हलला तरी विमान ताडकन वळतं. उंचावर विरळ हवेत तोच पंख बराच हलवला तरी फारसं काही होत नाही. त्यामुळे विमान स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला सतत एक गोष्ट ठरवावी लागते: विमान थोडं कलंडलं तर उत्तर किती जोरात द्यायचं? या जोराला अभियंते ‘गेन’ म्हणतात.

१९५० च्या दशकात विमानं आवाजाचा वेग ओलांडू लागली तशी ही अडचण हाताबाहेर गेली. एकाच उड्डाणात विमान धावपट्टीवरच्या वेगापासून आवाजाच्या दुप्पट वेगापर्यंत जायचं. एक ठरावीक गेन सगळीकडे चालेना. मग अमेरिकन हवाई दलाने पैसे घातले आणि प्रश्न विचारला, विमानाला स्वतःचा गेन स्वतः ठरवता येईल का? जानेवारी १९५९ मध्ये ओहायोतल्या राइट हवाई तळावर फक्त याच विषयावर परिषद भरली.

दोन कल्पना पुढे आल्या.

एक होती एमआयटीमधल्या व्हिटेकर आणि सहकाऱ्यांची, १९५८ ची. गाण्याच्या क्लासला गुरुजी सूर लावतात आणि शिष्य आपला सूर त्याला जुळवत जातो, तसंच. कॉम्प्युटरमध्ये एक ‘आदर्श विमान’ ठेवायचं. वैमानिकाने दांडा ओढला की आदर्श विमान कसं वळलं असतं ते बघायचं, खरं विमान कसं वळलं ते बघायचं आणि फरक कमी होईल तसा गेन बदलत राहायचा.

दुसरी कल्पना हनिवेलची. ती समजायला लग्नाच्या हॉलमधला साउंडवाला आठवा. तो आवाज वाढवत जातो, माईक कुंई करून शिट्टी मारायला लागला की बटण जरासं मागे घेतो. म्हणजे शिट्टीच्या उंबरठ्यावर जितका आवाज मिळेल तितका घ्यायचा. एमएच-९६ हेच करायची. गेन वाढवत न्यायचा, शेपटीचे पंख बारीक थरथरायला लागले की थोडा कमी करायचा. हवा किती दाट आहे, वेग किती आहे हे मोजायचीही गरज नाही. थरथरच सगळं सांगते.

अतिशय हुशार युक्ती. पण साउंडवाल्याचा हात बटणापर्यंत वेळेत पोहोचला नाही, तर काय होतं, हेही आपण लग्नात ऐकलेलं असतंच.

नील आर्मस्ट्राँग आणि पासाडेनाची चक्कर

एक्स-१५ हा नासा, हवाई दल आणि नौदल यांचा एकत्र प्रकल्प होता. तीन विमानं बांधली गेली. १९५९ ते १९६८ या काळात त्यांची १९९ उड्डाणं झाली. तिसऱ्या विमानाचा १९६० मध्ये जमिनीवरच, इंजिनाच्या चाचणीत स्फोट झाला. ते पुन्हा बांधताना त्यात एमएच-९६ बसवली.

२० डिसेंबर १९६१ ला हे विमान पहिल्यांदा उडवणारा माणूस होता नील आर्मस्ट्राँग. हो, तोच. चंद्रावर जायला अजून साडेसात वर्षं बाकी होती.

२० एप्रिल १९६२ ला आर्मस्ट्राँग एमएच-९६ चीच चाचणी घेत होता. वैमानिकावर फार ताण येऊ नये म्हणून यंत्रणा एका मर्यादेपुढे विमानाला जाऊ देणार नव्हती, ते तपासायचं होतं. ६३ किलोमीटरवरून खाली येताना त्याने नाक वर धरून ठेवलं आणि विमान वातावरणावरून पुन्हा वर उसळलं. पाण्यावर चपटा दगड टाकला की तो टप्पे घेतो, तसं. वळायला हवाच नव्हती. एडवर्ड्स तळ मागे राहिला आणि आर्मस्ट्राँग आवाजाच्या तिप्पट वेगाने लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेनाच्या दिशेने निघाला. खाली दाट हवेत आल्यावर विमान वळलं आणि तळाच्या दक्षिण टोकाला कसंबसं उतरलं. १२ मिनिटं २८ सेकंद, एक्स-१५ चं सगळ्यात लांबलेलं उड्डाण. हा किस्सा विनोदी म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात इशारा दिसतो. यंत्रणा नवी असते तेव्हा ती आणि माणूस मिळून काय करतील, हे दोघांपैकी कुणालाच आधी माहीत नसतं.

एमएच-९६ वाईट होती असं अजिबात नाही. वैमानिकांना ती आवडायची. बाकीच्या एक्स-१५ मध्ये हवेत असताना एक दांडा आणि हवा संपली की छोटे रॉकेट वापरायला दुसरा दांडा, अशी कसरत होती. एमएच-९६ एकाच दांड्यावर दोन्ही सांभाळायची. म्हणूनच फार उंचीच्या उड्डाणांसाठी हे तिसरं विमान निवडलं जायचं. २२ ऑगस्ट १९६३ ला जो वॉकर याच विमानातून सुमारे १०८ किलोमीटर उंचीवर जाऊन आला. ॲडम्स यांचं उड्डाण हे त्या विमानाचं ६५ वं होतं. त्याआधीच्या सगळ्या उड्डाणांतून ते सुखरूप परत आलं होतं.

मग त्या दिवशी काय बिघडलं?

गिरकीत सापडलेलं विमान विरळ हवेत होतं, त्यामुळे गेन अगदी वरच्या टोकाला गेलेला होता. तिथवर ठीकच. विमान आता मिनिटाला जवळपास ४९ किलोमीटर या दराने खाली येत होतं. हवा सेकंदासेकंदाला दाट होत होती. गेन झपाट्याने खाली यायला हवा होता. पण यंत्रणा हेलकाव्यांच्या चक्रात अडकली. नाक वर गेलं की पंख पूर्ण जोराने खाली, नाक खाली गेलं की पूर्ण जोराने वर. गीझरच्या नळाशी खेळताना होतं तसं: पाणी गरम झालं म्हणून थंड वाढवा, तोवर बर्फ, म्हणून गरम वाढवा, तोवर चटका.

पंख हलवणारी यंत्रं त्यांच्या कमाल वेगाने हलत होती. त्याहून वेगाने हलणं त्यांना शक्य नव्हतं. या चक्रात गेन कमी व्हायचं राहूनच गेलं. माईक किंचाळतोय आणि बटण वरच अडकलंय.

चौकशी समितीने सगळा दोष यंत्रणेवर टाकला नाही. विजेची गडबड, वैमानिकाचं विचलित होणं, समोरच्या उपकरणाचा चुकीचा अर्थ लागणं आणि कदाचित चक्कर येणं, या सगळ्यांची साखळी त्यांनी मांडली. ते योग्यच आहे. विमान मुळात गिरकीत गेलं ते एमएच-९६ मुळे असं म्हणता येत नाही. पण सावरायची वेळ आली तेव्हा ती आडवी आली, हेही खरं.

या अपघातानंतर जुळवून घेणाऱ्या नियंत्रणाचं नाव खराब झालं. एफ-१११ सारख्या लढाऊ विमानात स्वतः गेन बदलणारी यंत्रणा बसली आणि वापरातही राहिली, पण बहुतेकांनी सोपा मार्ग धरला. आधीच चाचण्या करून तक्ता बनवायचा: या उंचीला, या वेगाला, हा गेन. उडताना कॉम्प्युटर तक्त्यात बघतो आणि तो आकडा लावतो. याला गेन शेड्युलिंग म्हणतात. विमान काही शिकत नाही, पाठ केलेलं उत्तर देतं. आज तुम्ही पुणे-दिल्ली ज्या विमानाने जाता, त्यातही मूळ पद्धत हीच आहे.

१९७२ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. २५ मेला नासाचे वैमानिक गॅरी क्रायर यांनी एक जुनं एफ-८ लढाऊ विमान उडवलं. त्यातल्या यांत्रिक जोडण्या काढून टाकल्या होत्या. वैमानिकाचा हात आणि पंख यांच्यामध्ये होता एक डिजिटल कॉम्प्युटर, चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाचा. यालाच डिजिटल फ्लाय-बाय-वायर म्हणतात. विमानाच्या वागण्याची सूत्रं सॉफ्टवेअरमध्ये आली म्हणजे ती बदलणंही शक्य झालं. पण कशी बदलायची, याचा भरवसा अजून नव्हता.

उत्तर सापडलं कागदावर

लष्करी संशोधनाचा हा भाग बातम्यांत कधीच येत नाही, कारण त्यात स्फोट नाही, वेग नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. फळ्यासमोर उभी असलेली माणसं आहेत.

गणिती प्रश्न असा होता: स्वतःला बदलणारी यंत्रणा कधीच बेफाम होणार नाही, हे सिद्ध करता येईल का? ‘बहुतेक वेळा चालते’ हे वैमानिकाच्या जिवासाठी पुरेसं नाही.

यासाठी वापरलेलं हत्यार बरंच जुनं होतं. रशियन गणिती अलेक्झांडर ल्यापुनोव यांनी १८९२ मध्ये मांडलेलं. सोप्या भाषेत: कढईत गोटी सोडली तर ती इकडून तिकडे फिरते, पण शेवटी तळाशी येऊन थांबते, कारण तिची ऊर्जा सतत कमीच होत जाते. एखाद्या यंत्रणेसाठी अशी ‘कढई’ गणिताने दाखवता आली, तर ती बेफाम होणार नाही याची खात्री मिळते. १९६६ मध्ये पार्क्स या संशोधकाने दाखवलं की एमआयटीच्या मूळ पद्धतीला अशी खात्री नाही, आणि ल्यापुनोव वापरून ती पद्धत दुरुस्त करता येते. ॲडम्स यांच्या अपघाताच्या एक वर्ष आधी! पण शोधनिबंधातली गोष्ट विमानात यायला वर्षं जातात.

१९८० च्या सुमारास कुम्पती नरेंद्र यांच्यासह अनेकांनी पूर्ण सिद्धता दिल्या. नरेंद्र भारतात जन्मलेले, येल विद्यापीठात प्राध्यापक. सगळ्यांना वाटलं, सुटलं. दोनच वर्षांत एमआयटीतल्या रोर्स आणि सहकाऱ्यांनी थंड पाणी ओतलं. सिद्धता बरोबर आहेत, पण खऱ्या विमानात लवचिक सांगाडा, उशिरा हलणारी यंत्रं, वाऱ्याचे धक्के अशा गोष्टी असतात ज्या गणितात धरलेल्याच नाहीत, आणि त्या आल्या की यंत्रणा पुन्हा कोसळू शकते. मग पुढचं जवळपास एक दशक गेलं ते ‘गणितात न धरलेल्या गोष्टी’ सहन करणारं नियंत्रण बनवण्यात.

इथे ‘दीर्घकालीन लष्करी संशोधन’ या कोरड्या शब्दांचा अर्थ कळतो. खासगी कंपनी एका अपघातानंतर आणि दोन फसलेल्या कल्पनांनंतर विषय बंद करते, भागधारकांना उत्तर द्यायचं असतं. अमेरिकन लष्कराकडे हा प्रश्न सोडून देण्याची सोयच नव्हती. त्यांची विमानं गोळ्या खाणार होती.

पंख गेला तर?

मे १९८३ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटावर सराव सुरू असताना एक एफ-१५ दुसऱ्या विमानाला धडकलं. वैमानिक झिवी नेदिवी यांनी प्रचंड वेगात ते धावपट्टीवर उतरवलं. उतरल्यावर बघितलं तर उजवा पंख जवळपास मुळापासून गायब. एफ-१५ चं रुंद धड आणि माणसाची जिद्द, यावर ते उतरलं होतं.

तक्त्यातल्या पाठ उत्तरांची मर्यादा इथे उघडी पडते. ‘उजवा पंख नाही’ अशी ओळ कुठल्या तक्त्यात असणार? विमानाच्या बिघाडाचे प्रकार अगणित आहेत. इथे शिकणाऱ्या यंत्रणेला पर्याय नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकन हवाई दल आणि नासाने एका एफ-१५ वर ‘स्वतःला दुरुस्त करणारी’ नियंत्रण यंत्रणा उडवून बघितली. कुठला भाग निकामी झाला हे ओळखायचं आणि उरलेल्या भागांकडून त्याचं काम करून घ्यायचं.

दरम्यान १९ जुलै १९८९ ला युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० हे प्रवासी विमान संकटात सापडलं. शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. एकही पंख हलेना. वैमानिकांनी फक्त दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते अमेरिकेतल्या सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेच काम कॉम्प्युटर करू शकेल का, यावर नासाने काम केलं आणि २१ एप्रिल १९९३ ला गॉर्डन फुलर्टन यांनी एक एफ-१५ केवळ इंजिनांच्या नियंत्रणावर उतरवलं. २९ ऑगस्ट १९९५ ला त्यांनीच एमडी-११ हे तीन इंजिनांचं मोठं विमान तसंच उतरवलं. लढाऊ विमानावर आधी सिद्ध झालेली गोष्ट दोन वर्षांत प्रवासी विमानापर्यंत आली.

डिसेंबर १९९८ मध्ये हवाई दलाच्या प्रयोगशाळेने एक्स-३६ या छोट्या, वैमानिक नसलेल्या, शेपटी नसलेल्या विमानात न्यूरल नेटवर्क वापरून दोन उड्डाणं केली. पंखाचा एखादा भाग अडकला, असं मुद्दाम भासवायचं आणि सॉफ्टवेअर कसं सावरतं ते बघायचं. त्याने सावरलं. आणि एप्रिल २००८ मध्ये, अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेच्या पैशांवर, एफ-१८ च्या एका छोट्या मॉडेलचा साधारण ६० टक्के पंख उडतानाच तोडून टाकला गेला. मॉडेल डगमगलं, सावरलं आणि स्वतः उतरलं. यूट्यूबवर हा व्हिडिओ बघितला असेल तर तो खोटा नाही. मात्र ते विमानाचं छोटं रूप होतं आणि आत माणूस नव्हता.

सगळ्यात आधी भरवसा कुणावर?

माणूस नव्हता, हाच मुद्दा आहे. नवीन नियंत्रण आधी तिथे वापरलं जातं जिथे चुकलं तर आपला वैमानिक मरत नाही. म्हणून या संशोधनाचा एक महत्त्वाचा वापर बॉम्बमध्ये झाला. जेडॅम म्हणजे साध्या बॉम्बला लावायची दिशा देणारी शेपटी. बॉम्बच्या प्रत्येक नव्या प्रकारासाठी विंड टनेलमध्ये चाचण्या करून वेगळा तक्ता बनवणं महाग पडतं. शिकणारं नियंत्रण लावलं की प्रत्येक प्रकारासाठी पुन्हा सगळं मोजत बसावं लागत नाही. बोईंगच्या अभियंत्यांनी ते लावलं. आपला वैमानिक वाचवण्यासाठी सुरू झालेलं काम असं समोरच्यावर पडणाऱ्या बॉम्बपर्यंत गेलं. लष्करी संशोधनाचं कौतुक करताना हे वाक्य गाळायचं नसतं.

माणसाच्या विमानात मात्र गाडी सावकाश चालली. नासाने २००० च्या दशकात एका एफ-१५ वर न्यूरल नेटवर्कची यंत्रणा उडवली. काही बिघाडांत तिचा फायदा झाला, काहींत उलट त्रास. कारण दोघं एकाच वेळी शिकत होते. वैमानिक विमानाशी जुळवून घेतोय आणि विमान वैमानिकाशी. अरुंद बोळात समोरून येणारा आपल्याच बाजूला सरकतो आणि दोघंही पुन्हा एकाच बाजूला, तसलं काहीतरी. आर्मस्ट्राँगच्या विमानापासूनची तीच जुनी गोष्ट.

आणि मग २०१० मध्ये एक गोष्ट घडली, जिच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. एमआयटीच्या अनुराधा अन्नास्वामी, त्यांचे सहकारी झॅकरी डायडेक आणि बोईंगचे यूजीन लाव्रेत्स्की यांनी ॲडम्स यांचं ते उड्डाण पुन्हा कॉम्प्युटरवर उभं केलं. अन्नास्वामी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेल्या आणि पुढे येलमध्ये नरेंद्र यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी आधी एमएच-९६ चं मॉडेल चालवलं. ते बिघाडानंतर तसंच बेफाम झालं. मग त्याच विमानाला, त्याच परिस्थितीत, आजच्या गणिताने बनवलेलं जुळवून घेणारं नियंत्रण लावलं. विमान स्थिर राहिलं.

हे सिम्युलेशन होतं, त्यामुळे ‘ॲडम्स वाचले असते’ असं कुणी म्हणू नये. चौकशीत सापडलेली बाकीची कारणं तशीच राहतात. पण १९६७ मध्ये यंत्रणा नेमकी कुठे कमी पडली आणि मधल्या ४३ वर्षांत काय कमावलं, हे त्या एका शोधनिबंधात समोरासमोर दिसतं.

आपलं तेजस यात कुठे?

तेजसमध्ये शिकणारं नियंत्रण नाही, डिजिटल फ्लाय-बाय-वायर आहे. पण नियंत्रणाची सूत्रं लिहिण्याचं हे ज्ञान किती जपून ठेवलं जातं, ते भारताने अनुभवलंय. तेजसच्या सूत्रांच्या चाचण्या १९९६ मध्ये अमेरिकेत एफ-१६ व्हिस्टा या विमानावर झाल्या. व्हिस्टा हे बहुरूपी विमान आहे. सॉफ्टवेअर बदललं की ते दुसऱ्या विमानासारखं वागतं. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध घातले आणि लॉकहीड मार्टिनचं सहकार्य थांबलं. उरलेलं काम भारतीय अभियंत्यांनी स्वतः पूर्ण केलं. ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस पहिल्यांदा हवेत नेलं. विमान विकत मिळतं. त्याच्या वागण्याची सूत्रं सहसा मिळत नाहीत.

प्रवासी विमानात हे कधी येणार?

अडथळा आता गणितापेक्षा परवान्याचा आहे. प्रवासी विमानाचं सॉफ्टवेअर मंजूर होताना त्याचं प्रत्येक वागणं तपासून दाखवावं लागतं. उद्या उडताना जे स्वतःला बदलणार आहे, ते आज कसं तपासायचं? त्यामुळे सध्या विचार असा आहे की शिकणाऱ्या भागाभोवती साध्या, तपासलेल्या नियमांचं कुंपण घालायचं. शिकणारा भाग कुंपणाबाहेर जायला लागला की ताबा साध्या यंत्रणेकडे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोईंग ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत मिळून ३४६ जण गेले, तेव्हा ‘कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने विमान खाली नेलं’ अशा पोस्ट फिरल्या होत्या. त्यातली एमकॅस यंत्रणा शिकणारी नव्हती. ती ठरावीक नियमाने चालणारी होती आणि एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून चालली. न शिकणारं सॉफ्टवेअर आपोआप सुरक्षित असतं असंही नाही.

दुसरा गैरसमज एआयचा. डिसेंबर २०२२ मध्ये एआयने लढाऊ विमान उडवल्याची बातमी आली. त्यात विमान कुठे वळवायचं, शत्रूच्या मागे कसं जायचं, हे एआय ठरवत होतं. म्हणजे ते वैमानिकाच्या जागी होतं. जुळवून घेणारं नियंत्रण त्याच्या खालच्या पातळीवर काम करतं, वळायचं ठरल्यावर पंख किती हलवायचा ते बघतं. पुढच्या वेळी अशी बातमी दिसली की या दोनपैकी नेमकं काय, हे आधी तपासा.

ते विमान होतं एक्स-६२ए. ते पूर्वीचं व्हिस्टाच, ज्यावर १९९६ मध्ये तेजसची सूत्रं तपासली गेली होती. आता ते एडवर्ड्स तळावरून उडतं, जिथे ॲडम्स यांना त्या दिवशी परत यायचं होतं. २०२३ मध्ये खऱ्या एफ-१६ विरुद्ध सराव झाला तेव्हा एआय बंद करून ताबा घेता यावा म्हणून त्यात माणसं बसलेली होती. त्या लढतींत त्यांना ते बटण दाबावं लागलं नाही, असं डार्पाने नंतर जाहीर केलं.